इक्वेडोरचं मत

१८ डिसेंबर १९६१ च्या रात्री, भारतीय सैन्य पोर्तुगालच्या ताब्यातल्या गोव्यात शिरल्यावर, न्यूयॉर्कला सुरक्षा परिषदेत त्यावर दोन ठराव मताला टाकले गेले आणि दोन्ही पडले. पहिला मतांनी पडला, दुसरा सोव्हिएत युनियनच्या व्हेटोने. आमच्या मुलांच्या नोट्समध्ये ह्या सगळ्याची एक ओळ असते: 'सोव्हिएत युनियनने नकाराधिकार वापरून भारताला पाठिंबा दिला.' दोन गुण. फोंडा तालुक्यातल्या एका महाविद्यालयात मी राज्यशास्त्र शिकवते, आणि ती ओळ तपासून तपासून इतकी विटले होते की गेल्या मुक्तिदिनाच्या आदल्या आठवड्यात मी ती बैठकच सभागृहात भरवली. मुलांनी देश व्हायचं, त्या रात्रीचं खरं इतिवृत्त वाचायचं आणि आपापल्या देशाने जे केलं ते का केलं हे शोधून तसंच करायचं.

तेव्हा परिषदेत अकराच सदस्य होते. पंधरा झाले ते १९६६ पासून. पाच कायमचे: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, सोव्हिएत युनियन आणि चीन. चीनच्या खुर्चीत तैवानचं सरकार. सहा निवडून आलेले: सिलोन (आजचा श्रीलंका), लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक (म्हणजे इजिप्त), तुर्कस्तान, चिली आणि इक्वेडोर. शिवाय तक्रार घेऊन आलेला पोर्तुगाल आणि जिच्याविरुद्ध तक्रार ती दिल्ली. हे दोघे टेबलाशी बसणार, बोलणार, पण मत देणार नाहीत. एका मुलाला माइकची भीती वाटते, त्याला उ थांट केलं. सरचिटणिसाला त्या दिवशी फारसं बोलायचं नव्हतं. त्याची संयमाची पत्रं चार दिवस आधीच नेहरूंना आणि पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझारला गेली होती.

खुर्च्या वाटताना अडचण आली ती अपेक्षित जागीच. भारत सगळ्यांना हवा, रशिया त्याहून जास्त. पोर्तुगाल कोणालाच नको. "मॅडम, म्हाका नाका पोर्तुगाल," हे मी बाकागणिक ऐकलं. ती खुर्ची ख्रिस्ती मुलाकडे जाऊ द्यायची नाही एवढं मी मनाशी पक्कं केलं होतं. गोव्यात असल्या गोष्टी कोणी बोलून दाखवत नाही, पण दिसतात सगळ्यांना, आणि त्या पोराला पदवी मिळेपर्यंत 'पाकलो', म्हणजे पोर्तुगीज गोरा, म्हणून हाका मारल्या असत्या. शेवटी शिरोड्याचा वेदांत तयार झाला. वादविवाद स्पर्धांतला मुलगा. "हरायचंच आहे ना, मग मोठ्याने हरतो," म्हणाला. भारत जोस्लिनला दिला, कारण तिची तयारी सगळ्यांत पक्की होती. समीक्षा रोज वाळपईहून येते आणि वाटणीच्या दिवशी तिची बस चुकली होती. तिच्या वाट्याला उरलं ते आलं: इक्वेडोर.

"मॅडम, इक्वेडोरचा आणि गोव्याचा संबंध काय?" तिने विचारलं.

"काहीच नाही. तरी त्यांनी मत दिलंय. का दिलं ते तू सांगायचंस."

मुलं वाचत गेली तसा वर्गाचा सूर बदलत गेला. ज्याला त्याला आपल्या देशाच्या मतामागे गोव्याखेरीज दुसरंच काहीतरी सापडत होतं. अमेरिकेने आधी वसाहतवादावर भाषण तयार केलं आणि मग त्याला अझोर्स बेटं सापडली. पोर्तुगालच्या त्या बेटांवर अमेरिकेचा हवाई तळ होता आणि त्याच्या कराराची मुदत १९६२ मध्ये संपत होती. शिवाय पोर्तुगाल १९४९ पासून नाटोचा संस्थापक सदस्य. ब्रिटनची पोर्तुगालशी मैत्री १३७३ च्या तहापासूनची. फ्रान्स अल्जीरियाच्या युद्धात गळ्यापर्यंत बुडालेला. 'सागरापलीकडचा प्रांत म्हणजे वसाहत नव्हे' हा पोर्तुगालचा युक्तिवाद फ्रान्सला अनोळखी कसा वाटेल? तैवानच्या मुलीला तर पाच मिनिटांत उत्तर मिळालं: भारताने बीजिंगच्या सरकारला मान्यता दिलेली होती.

दुसऱ्या बाजूलाही तेच. संयुक्त अरब प्रजासत्ताकाला १९५६ चा सुएझवरचा ब्रिटन-फ्रान्सचा हल्ला आठवत होता. लायबेरियाने त्याच वर्षी अंगोलाचा प्रश्न परिषदेपुढे आणला होता; म्हणजे पोर्तुगालशी त्याची लढाई गोव्याच्या आधीच सुरू झालेली. सोव्हिएत युनियनला आशिया-आफ्रिकेत मित्र हवे होते. सिलोन एवढाच काय तो खरा शेजारी, आणि तोही सप्टेंबरमध्ये बेलग्रेडला अलिप्त राष्ट्रांच्या परिषदेत भारताच्या मांडीला मांडी लावून बसून आलेला. "मग गोव्याबद्दल कोण बोलत होतं?" असं रशिया झालेल्या रोशनने विचारलं. मी म्हटलं, इतिवृत्त पुन्हा वाच.

वेदांतला मात्र गोवा सापडला, आणि तो नको त्या बाजूने. १४ डिसेंबरला सालाझारने गव्हर्नर जनरल वासालू इ सिल्वाला कळवलं होतं की शरण जायचं नाही, निदान आठ दिवस टिकाव धरायचा. आठ दिवस कशासाठी, तर तेवढ्यात जगातून भारतावर दबाव आणता येईल म्हणून. पणजीतल्या मूठभर सैन्याच्या जोरावर गोवा राखता येणार नाही, हे लिस्बनला कळत होतं. वेदांतने हे वाचलं आणि तो स्टाफरूममध्ये आला. "म्हणजे मॅडम, पोर्तुगालचं खरं सैन्य मीच." तेव्हापासून त्याने खुर्चीबद्दल कुरकुर केली नाही.

समीक्षा सगळ्यांत शेवटी आली. हातात दक्षिण अमेरिकेचा नकाशा, त्यावर लाल पेनाने रेघा ओढलेल्या. १९४१ मध्ये पेरू आणि इक्वेडोरचं युद्ध झालं. त्यात इक्वेडोर हरला. १९४२ मध्ये रिओ द जानेरोला करार झाला आणि अ‍ॅमेझॉनच्या खोऱ्यातल्या मोठ्या प्रदेशावरचा हक्क त्याला सोडावा लागला. १९६० मध्ये त्यांच्या राष्ट्राध्यक्षांनी, वेलास्को इबारांनी, तो करारच रद्दबातल असल्याचं जाहीर केलं. "मॅडम, ह्यांची जमीन बळाने गेली. बळाने घेतलेलं मान्य करू नका, असं हे जगाला सांगत फिरतायत. आता भारताने सैन्य घातल्यावर हे गप्प बसले तर उद्या पेरू म्हणेल, मग आमचं काय चुकलं?"

मी म्हटलं, बरोबर.

"आणि दुसरं. ठराव मंजूर व्हायला तेव्हा अकरांतली सात मतं लागत. ह्याला बरोब्बर सातच पडली." तिने बोटावर मोजून दाखवली: अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तैवानवाला चीन, तुर्कस्तान, चिली, इक्वेडोर. "मी हात वर केला नाही तर सहा. मग ठराव असाच पडतो. व्हेटो लागतच नाही."

हे गणित पाठ्यपुस्तकात नसतं. व्हेटो म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे एकच हात येतो, सोव्हिएत प्रतिनिधी झोरिन यांचा. त्या हाताला काम उरावं म्हणून आधी सात हात वर व्हावे लागतात, आणि त्या सातांत इक्वेडोरच्या राजधानीतून, क्विटोहून, सूचना घेऊन आलेला एक प्रतिनिधी होता, हे कोणी सांगत नाही. चिलीच्या मुलालाही तेच लागू होतं, पण त्याचं लक्ष तेव्हा झेंडे कापण्यात होतं.

झेंड्यांवरून एक सांगते. कार्यक्रमाच्या सकाळी टेबलावर चीनचा लाल झेंडा लागलेला होता, पाच चांदण्यांचा. तैवानच्या मुलीने तो पाहिला आणि खुर्चीत बसायलाच नकार दिला. "मी ही नाही, मी दुसरी." शेवटी आर्ट्सच्या एका मुलाने दहा मिनिटांत निळ्या चौकोनात पांढरा सूर्य रंगवून दिला. सुरक्षा परिषदेत ज्या वादाला १९७१ उजाडावं लागलं तो आमच्याकडे घोटीव कागद आणि फेविकॉलवर मिटला. भिंतीवर मुलांनी पुठ्ठ्याची दोन घड्याळं लावली होती, एकावर न्यूयॉर्क आणि दुसऱ्यावर पणजी, मध्ये साडेदहा तासांचं अंतर.

प्रमुख पाहुणे म्हणून व्यवस्थापनाने एका वयोवृद्ध स्वातंत्र्यसैनिकांना बोलावलं होतं. वय नव्वदीकडे झुकलेलं, पांढरीशुभ्र पँट, हातात काठी, कानात यंत्र. मुलं त्यांना आजोबा म्हणत होती. समई पेटवली, शाल-नारळ झाला, आणि ते पुढच्या रांगेत मधोमध बसले. हे नेमकं काय चाललंय ते त्यांना कोणी नीट सांगितलं होतं की नाही, देव जाणे. बहुधा त्यांना वाटलं असावं की नाटक आहे.

अध्यक्षपद त्या महिन्यात संयुक्त अरब प्रजासत्ताकाकडे होतं, म्हणून आमची सिद्धी अध्यक्ष. मुळात हा विषय घ्यायचा की नाही ह्यावरच पहिलं मतदान झालं. सात बाजूने, दोन विरुद्ध, दोन तटस्थ. मग वेदांत उभा राहिला.

खरं सांगायचं तर तो फार चांगला बोलला. संयुक्त राष्ट्रांच्या सनदेच्या दुसऱ्या कलमातला चौथा उपपरिच्छेद त्याने पाठ म्हटला: कोणत्याही राष्ट्राच्या प्रादेशिक अखंडतेविरुद्ध बळाचा वापर करायचा नाही. ह्यात 'राष्ट्र लहान असेल तर चालेल' असं लिहिलेलं नाही, 'राष्ट्र आवडत नसेल तर चालेल' असंही नाही. आम्ही १५१० पासून इथे आहोत, म्हणाला, साडेचारशे वर्षं. आणि तक्रारीत समोर बसलेलं प्रजासत्ताक अजून बारा वर्षांचंही झालेलं नाही. अहिंसेचे धडे जगाला देणाऱ्यांनी काल रात्री रणगाडे पाठवले. सभागृहात चुळबुळ सुरू झाली. मागे बसलेल्या पालकांपैकी कोणीतरी "आरे, हो कोणालो चलो?", हा कोणाचा मुलगा, असं विचारलेलं मला ऐकू आलं. पुढच्या रांगेत आजोबांची काठी फरशीवर वाजायला लागली.

जोस्लिनने भारताची बाजू मांडली. खऱ्या बैठकीत चंद्रशेखर झा ह्यांनी जे सांगितलं त्याचा गाभा तिने ठेवला: हा वसाहतवादाचा प्रश्न आहे, आणि स्वतःच्याच भूमीवर कोणी आक्रमण करत नाही. १९५० पासून आम्ही बोला म्हणतोय, पोर्तुगाल बोलायलाच तयार नाही. १९५३ मध्ये आम्ही लिस्बनचं दूतावास-कार्यालय बंद केलं. १९५५ च्या पंधरा ऑगस्टला निःशस्त्र सत्याग्रहींवर गोळ्या कोणी झाडल्या? डिसेंबर १९६० मध्ये आमसभेने वसाहतींच्या स्वातंत्र्याचा १५१४ क्रमांकाचा ठराव एकाही विरोधी मताशिवाय संमत केला. दुसऱ्याच दिवशीच्या १५४२ व्या ठरावात पोर्तुगालच्या अ-स्वायत्त प्रदेशांची यादी आली, आणि तीत गोव्याचं नाव आहे. 'प्रांत' हे नाव पोर्तुगालने १९५१ मध्ये घटना बदलून दिलं. पाटी बदलल्याने घर बदलत नाही. इथपर्यंत सगळं तयारीतलं. मग तिने कागद खाली ठेवला.

"आणि साडेचारशे वर्षं म्हणजे कोणाची? पोर्तुगालचे माननीय प्रतिनिधी आत्ता जिथे उभे आहेत तो फोंडा महाल १५१० मध्ये पोर्तुगालकडे नव्हता. डिचोली नव्हती, सत्तरी नव्हती, पेडणं नव्हतं. हे सगळं अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात गेलं. तिसवाडी, बार्देस, साष्टीतून देव हलवावे लागले तेव्हा ते इथे आले, कारण इथे तुमचं राज्य नव्हतं."

टाळ्या पडल्या. तिसवाडी-बार्देस-साष्टीतल्या देवांचं स्थलांतर एक ख्रिस्ती मुलगी फोंड्यात उभी राहून युक्तिवादात वापरते आहे, हे सभागृहाला थोड्या उशिराने कळलं आणि मग टाळ्या पुन्हा पडल्या. वेदांतही हसला. अध्यक्षांनी त्याला समज दिली.

बाकीची भाषणं मी इथे देत बसत नाही. अमेरिकेच्या मुलाने अ‍ॅडलाय स्टीव्हन्सन ह्यांचा इशारा तेवढा छान उभा केला: जुना राष्ट्रसंघ, लीग ऑफ नेशन्स, मेला तो सदस्यांनी आक्रमणाला विरोध करणं सोडलं म्हणून, आज इथे त्याच नाटकाचा पहिला अंक चालू आहे. मग चार राष्ट्रांचा मसुदा वाचला गेला. लढाई ताबडतोब थांबवावी. भारताने आपलं सैन्य १७ डिसेंबर १९६१ पूर्वीच्या जागी मागे घ्यावं. दोन्ही पक्षांनी सनदेनुसार शांततेच्या मार्गाने कायमचा तोडगा काढावा. सरचिटणिसांनी लागेल ते साहाय्य द्यावं.

इथे आजोबा उठून उभे राहिले.

"हें कितें चल्लां?" त्यांचा आवाज अजून खणखणीत आहे. "पोर्तुगालाक उलोवंक कोणें दिलें?" पोर्तुगालला बोलू कोणी दिलं, असं ते विचारत होते.

शिक्षकांपैकी दोघे धावले. प्राचार्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी अध्यक्षांच्या टेबलाकडे पाहिलं, आणि एकवीस वर्षांच्या सिद्धीने जे केलं ते मला सुचलं नसतं. तिने हातोडा आपटला. "परिषदेत परवानगीशिवाय कोणालाही बोलता येत नाही," ती म्हणाली. आजोबांसकट सगळे गप्प झाले. मग तिने कार्यपद्धतीची पुस्तिका उघडली. "नियम ३९. परिषदेला ज्यांची मदत होईल अशा व्यक्तींना माहिती देण्यासाठी बोलावता येतं. कोणाची हरकत? नाही. आजोबा, या. इथे बसा."

त्या रात्री न्यूयॉर्कला सदस्य देश बोलले, पोर्तुगाल बोलला, भारत बोलला. गोव्याची म्हणून वेगळी खुर्ची त्या टेबलाशी नव्हती. आमच्या टेबलाला आणखी एक खुर्ची लागली. ती स्टाफरूममधून आणली, एक पाय आखूड असलेली.

आजोबांनी सुरुवात मराठीत केली, जाहीर सभेत आमच्याकडची जुनी माणसं करतात तशी. विशीत असताना पत्रकं वाटली म्हणून धरलं गेलो, म्हणाले. आधी पणजीत मार, मग आग्वादच्या किल्ल्यातला तुरुंग. सुरक्षा परिषद हे नाव आत ठाऊकच नव्हतं. बाहेर जंगलातून भूमिगत रेडिओ चालतो, लिबिया लोबो आणि वामन सरदेसाई बोलतात, एवढं नव्याने आत येणारे सांगत. १८ तारखेला विमानांचे आवाज ऐकू आले. १९ ला दारं उघडली. एवढं झाल्यावर त्यांनी टेबलावरचा ठरावाचा कागद ओढून घेतला, चष्म्याजवळ धरला, आणि मराठी सुटली.

"हांगा बरयलां, सतरा तारखे पयलीं जो जंय आशिल्लो ताणें थंय परत वचचें. सतरा तारखेक हांव खंय आशिल्लों? आग्वादाच्या बंदखणींत. मागीर हांवेंय परत थंयच वचचें?"

म्हणजे, सतरा तारखेआधी जो जिथे होता त्याने तिथे परत जायचं, तर आग्वादच्या तुरुंगात असलेल्या मीही परत तिथेच जायचं? ठरावात ते सैन्याबद्दल होतं, माणसांबद्दल नव्हतं. पण सैन्य मागे गेलं असतं तर आग्वादच्या दारांचं काय झालं असतं, ह्याचं उत्तर चार मसुदाकारांपैकी कोणाकडेच नव्हतं. ब्रिटनचा मुलगा उगाच पाणी प्यायला. वेदांत कागदांत बघत राहिला. आजोबा खुर्चीतून उठले नाहीत, डुगडुगत बसून राहिले, आणि सिद्धीने मतदान पुकारलं.

सिलोन, लायबेरिया आणि संयुक्त अरब प्रजासत्ताकाचा मसुदा आधी आला: पोर्तुगालची तक्रार फेटाळावी आणि वसाहती सोडून देण्यासाठी पोर्तुगालने भारताशी सहकार्य करावं. चार बाजूने, सात विरुद्ध. पडला.

मग दुसरा. अमेरिका, ब्रिटन, फ्रान्स, तुर्कस्तान, चीन, चिली ह्यांचे हात वर गेले. सहा. समीक्षाचा हात टेबलावर होता. अख्खं सभागृह तिच्याकडे बघत होतं, आणि आजोबा तिच्यापासून तीन हातांवर. मला मनातून वाटत होतं की तिने हात वर करू नये. पंधरा दिवस मीच सांगत होते की खुर्चीत बसलेल्याने आपलं मन नव्हे, देश बोलायचा. तरी वाटत होतं. ती उभी राहिली आणि तिने मताआधी स्पष्टीकरण मागितलं. नियमात ते बसतं.

"आजोबा," ती म्हणाली, "मी इक्वेडोर आहे. माझी जमीन वीस वर्षांपूर्वी शेजाऱ्याने सैन्य घालून घेतली. माझ्याकडे सैन्य नाही. माझ्याकडे फक्त हा एक नियम आहे, की बळाने घेतलेलं चालणार नाही. आज तुमच्यासाठी मी तो सोडला तर उद्या माझ्यासाठी कोणी उभं राहणार नाही. तुम्ही परत आग्वादला जावं असं मला वाटत नाही. पण हात मला वर करावा लागेल."

आणि तिने हात वर केला. सात.

सभागृहात कोणीतरी "शेम" ओरडलं. मी तिकडे बघेपर्यंत विरुद्ध मतं पुकारली गेली: सिलोन, लायबेरिया, संयुक्त अरब प्रजासत्ताक, आणि शेवटी रोशन, ज्याने ह्या क्षणासाठी घरून कोट आणला होता. तो इतक्या झोकात उठला की खुर्ची मागे पडली. कायम सदस्याचं विरोधी मत, ठराव नामंजूर. लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. आमच्या पुठ्ठ्याच्या न्यूयॉर्कमध्ये अकरा वाजून गेले होते आणि पणजीच्या घड्याळात १९ तारखेची सकाळ. त्या सकाळी भारतीय सैन्य बेतीहून मांडवी ओलांडून पणजीत उतरत होतं. संध्याकाळी वासालू इ सिल्वाने शरणागती लिहून दिली. सालाझारने मागितलेल्या आठ दिवसांतले दोनसुद्धा धड मिळाले नाहीत. वेदांतचं सैन्य पोहोचलं तेव्हा लढाई संपत आली होती.

आजोबांनी चहा घेतला नाही. जाताना समीक्षाच्या डोक्यावर हात ठेवला असं लिहिता आलं असतं तर बरं झालं असतं. तसं काही झालं नाही. ते तिच्याकडे न बघता गेले. दोन दिवसांनी त्यांच्या नातवाने येऊन ठरावाची प्रत मागितली, "मोठ्या अक्षरांत".

पुढचा भाग थोडक्यात सांगते, कारण तो आजकाल सगळीकडे सारखाच असतो. कोणीतरी समीक्षाच्या वर गेलेल्या हाताचा वीस सेकंदांचा व्हिडिओ काढला होता. स्पष्टीकरण कापलेलं, व्हेटो कापलेला. 'मुक्तिदिनाच्या तोंडावर कॉलेजात गोवा पोर्तुगालला परत देण्यासाठी मतदान' अशा मथळ्याने तो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरला. व्यवस्थापनाने मला बोलावलं. मी इतिवृत्ताच्या छापील प्रती घेऊन गेले, त्या कोणी उघडल्या नाहीत. मी सांगितलं की तिने मत दिलं ते खऱ्या इक्वेडोरने दिलेलं मत आहे, त्याबद्दल तिला पूर्ण गुण दिले आहेत आणि ते कमी होणार नाहीत. कोणीतरी म्हणालं, "पण तिने हात वर केलाच नसता तर काय बिघडलं असतं?" हा प्रश्न वर्गात आला असता तर मी तासभर घेतला असता. तिथे एवढंच म्हटलं की मग रशियाला काम उरलं नसतं. कोणी हसलं नाही. समीक्षाला घरून बोलणी बसली असतील, ती काही बोलली नाही. तिने फॅमिली ग्रुपवर पेरू-इक्वेडोरचा तो नकाशा टाकला आणि एका काकांनी त्याखाली 'हॅपी बर्थडे' लिहिलं, एवढं मात्र तिने मला हसत सांगितलं.

नंतरच्या तासाला रोशनने विचारलं, "ठराव पडला, मग कागदावर प्रश्न सुटला कधी?" सुरक्षा परिषदेने गोव्यावर पुढे काहीच केलं नाही. गंमत अशी, की १९ डिसेंबरला, इकडे शरणागती चालू असताना, आमसभेने १६९९ वा ठराव संमत केला आणि पोर्तुगाल आपल्या वसाहतींची माहिती देत नाही म्हणून त्याचाच निषेध केला. एकाच इमारतीत एका रात्री सात हात भारताविरुद्ध, आणि दुसऱ्या दिवशी प्रचंड बहुमत पोर्तुगालविरुद्ध. पोर्तुगीज युद्धकैदी १९६२ च्या मे महिन्यात घरी गेले. गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे मात्र १९६९ पर्यंत पोर्तुगालच्या तुरुंगात होते. लिस्बनने गोवा गेल्याचं मान्य केलं ते तिथली हुकूमशाही एप्रिल १९७४ मध्ये कोसळल्यावर. ३१ डिसेंबर १९७४ ला दिल्लीत तह झाला. पोर्तुगालतर्फे मारियो सोआरेश आणि भारतातर्फे परराष्ट्रमंत्री, आपले कऱ्हाडचे यशवंतराव चव्हाण, ह्यांनी सह्या केल्या. गोवा, दमण, दीव, दादरा आणि नगर हवेली भारताच्या घटनेनुसार ज्या त्या तारखेला भारतात आली त्या तारखेपासून मान्यता. तेरा वर्षं उशिरा, पण मागच्या तारखेने. त्या टेबलावर दोनच सह्या लागल्या. इक्वेडोरला कोणी विचारलं नाही.

"म्हणजे माझं मत फुकटच गेलं," समीक्षा म्हणाली.

"तुझ्या मताने गोव्याचं काही झालं नाही," मी म्हटलं. "पण पेरूने ते नोंदवून ठेवलं असेल."

यंदा मुलांनी विषय आधीच ठरवलाय: द हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयातला पोर्तुगाल विरुद्ध भारत हा खटला. दादरा-नगर हवेली १९५४ मध्ये हातची गेल्यावर दमणहून तिकडे जायला भारतातून वाट मागत पोर्तुगाल १९५५ मध्ये कोर्टात गेला. भारताचे वकील मोतीलाल सेटलवाड, भारताने नेमलेले न्यायाधीश मुहम्मद करीम छागला, आणि पुराव्यात पेशव्यांच्या काळातले कागद. १७७९ च्या तहाने मराठ्यांनी त्या गावांचा महसूल दिला होता, मालकी नव्हे, असं कोर्टाने १९६० च्या निकालात मानलं. खाजगी माणसं, मुलकी अधिकारी आणि माल ह्यांना वाट होती, सैन्याला नव्हती, आणि भारताने काही चूक केली नाही. वेदांतने ह्या खेपेला सेटलवाड मागून घेतलेत. काळे झगे मात्र डझनावारी लागणार आहेत, म्हणून व्यवस्थापनाची परवानगी घ्यायला गेले. मागच्या वर्षीचा अनुभव ताजा, तेव्हा विषय काय हे त्यांनी तीनदा विचारलं. मी सांगितलं, शेजाऱ्याच्या जमिनीतून जायच्या वाटेचा दावा आहे. ट्रस्टींपैकी दोघांचे स्वतःचे तसले दावे म्हार्दोळपासून मडगावच्या कोर्टापर्यंत चालू आहेत.

"वाटेचो दावो? बरो विषय," ते म्हणाले, आणि झग्यांचं बिल मंजूर झालं.